बिनखिशाचा ॲप्रन

दिनांक ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. मोठ्या बहिणीने आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून दिले. मनातून किती दिलेत ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

इकडे सगळं ठीक. दाराची कडी निखळली होती, ती बसवून घेतली. शेजारच्या मांजरीने आपल्या माळ्यावर बाळंतपण उरकलं, त्यामुळे माळा तूर्त तिच्या नावावर आहे. आई बरी आहे. जरा पडून असते इतकंच. तू मागच्या आठवड्यात दारावरूनच गाडी फिरवलीस, वर चढायला वेळ नव्हता म्हणे. बरंच झालं. ती झोपली होती.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर लाँड्रीचा शिक्का, खाली तुझी लफ्फेदार सही, आणि सुरुवातीलाच ‘महोदया’. मी मागे वळून बघितलं, कोण बाई आली म्हणून. फोन का उचलत नाहीस असंही विचारलंयस. फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस, आणि फोनवर माझ्या तोंडून शिव्या जातात. कागदावर जरा कमी जातात. तेव्हा हेच बरं.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: मी शिवणखोलीत बसून बायकांच्या ॲप्रनला जे खिसे लावले ते उसवून टाकावेत. गेटवरच्या कपाटाची काच कुणी फोडली ते चौकशीत येऊन सांगावं. मग मला शिवणखोलीची मुख्य करता येईल. एका पानात केवढा माल भरलास! आणि शेवटी, ‘तू जाणती आहेस, बायका तुझं ऐकतात.’ हो, ऐकतात. म्हणूनच खिसे लागले.

तुला वर जाऊन फार वर्षं झाली नाहीत, पण वरची हवा विसरायला लावणारी असते म्हणतात. म्हणून आठवण करून देते. आपण खालच्या वस्तीतले. लाँड्रीत धुणारे, पिळणारे, इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडणारे सगळे खालचे. हिशेब बघणारे, हुकूम सोडणारे सगळे वरच्या वस्तीतले. त्यांना पुढचा जिना, आपल्याला मागचा. त्यांना कोट, आपल्याला ॲप्रन. आणि खालच्यांच्या ॲप्रनला खिसा नसतो, कारण खालचे चोर. काय चोरतील? चादरी! दोन माणसांच्या पलंगाची चादर कुठल्या खिशात मावते, हे वरच्यांतल्या एकाही शहाण्याने आजवर सांगितलेलं नाही.

खिसा नाही म्हणून आमच्या पिशव्या गेटवरच्या काचेच्या कपाटात. किल्ली पहारेकरी काकांच्या कमरेला, पण कपाट उघडायचं तर वरून कुणीतरी फोनवर ‘हो’ म्हटलं पाहिजे. रुमाल हवा, वरून हो. डोकेदुखीची गोळी हवी, वरून हो. आपण लहान होतो तेव्हापासून हे असंच आहे, आणि माणसाला कशाचीही सवय होते.

तू खालच्यांतला पहिला, ज्याला कोट मिळाला. आठवतं ना? कोट तुझ्या मापापेक्षा लांब होता. मी तो आखूड करून दिला. आईने त्याच्या एकेका खिशात हात घालून बघितला. मनगटापर्यंत हात आत गेला तेव्हा लहान पोरीसारखी हसली. म्हणाली, “केवढा खोल आहे गं! यात अख्खं घर मावेल.” खालून कापलेली ती निळी पट्टी तिने टाकू दिली नाही. ट्रंकेत ठेवलीय अजून.

तुझा तो फोटो अजून दर्शनी भिंतीवर आहे. खाली लिहिलंय, ‘आमच्याकडे सर्वांना समान संधी.’ आम्ही मागच्या जिन्याने जातो, त्यामुळे रोज दिसत नाही.

खिसे उसवणार नाही. काच कुणी फोडली ते सांगणार नाही. का फोडली, ते तू विचारलंच नाहीस. शिक्क्याच्या पत्रात त्याला जागा नसावी.

आईला काही निरोप असेल तर पुढच्या वेळी हाताने लिही.

तुझी ताई


दिनांक १५ नोव्हेंबर

साहेब,

या खेपेला हाताने लिहिलंत, आभारी आहे. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे घसरणारं.

काच फोडणारं माणूस शोधायला तुला बहिणीची जीभ हवी होती. रोलरच्या अख्ख्या गरम खोलीत एकाच बाईच्या हाताला बँडेज होतं. पण खाली उतरून बघायचं तुला सुचलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की असंच होतं. शेवटी तोफ स्वतःच मागच्या जिन्याने चढून तुझ्या कारकुनाला सांगून गेली, “मी फोडली. लोखंडी स्टूल घातलं. अजून काही फोडायचं असेल तर सांगा.” तोफ तुला आठवत असेलच. आईच्या जोडीला रोलरवर असते, बोलायला लागली की बॉयलर ऐकू येत नाही म्हणून हे नाव पडलं. तू लहानपणी तिच्या आवाजाला भिऊन आईच्या मागे लपायचास. आता टेबलाच्या मागे लपतोस, एवढाच काय तो फरक.

आता तुझ्या पत्राचं उत्तर.

तू म्हणतोस, “ताई, मी इथे एकटा आहे. माझं पाऊल चुकलं तर हे म्हणतील, खालच्यांना वर घेतलं की हे असं होतं. पुन्हा आपल्यातल्या कुणाला दार उघडणार नाहीत. मला आत राहू दे, मी हळूहळू बदल करीन.” हे वाचून पहिल्यांदा मला तुझी दया आली. खोटं नाही सांगत. तिथे जेवायच्या सुट्टीत तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते, हे चहा नेऊन देणाऱ्याने सांगितलंय मला. तू मोठ्याने हसत नाहीस, चुकून आपली बोली तोंडात आली तर खोकतोस, हेही सांगितलं. एकट्याने त्या वाघाच्या गुहेत बसणं सोपं नाही, मान्य.

पण तुझ्या त्या हळूहळूने आजवर काय केलं ते सांग. मागच्या जिन्याचा दिवा गेलाय, तो लागला? प्यायच्या नळाला एक भांडं वाढलं? तुझ्या काळात एकच नवी गोष्ट झाली. आधी कपाट उघडायला वरचा कुणीही हो म्हणायचा. आता फक्त तू म्हणायचं. का? तर खालच्यांची नस खालच्यालाच ठाऊक. आपल्याला हाकायला त्यांनी आपल्यातलंच माणूस नेमलं आणि तू त्याला बढती म्हणालास. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आई कितीदा तरी म्हणायची. हल्ली म्हणत नाही. तुझ्यामुळे तिने एक म्हण सोडली बघ.

खिशांबद्दल तू लिहितोस, ‘हा शिस्तीचा भंग आहे आणि तो ठरवून केलेला आहे.’ ठरवूनच केलाय. अपघाताने खिसा लागत नाही, बाबा. त्याला कापड बेतावं लागतं. काच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी एकेक बाई शिवणखोलीत आली. कुणी जुन्या परकराचा तुकडा आणला, कुणी नवऱ्याच्या शर्टाची बाही. बाकी काही बोलायला लागलं नाही. मी शिवत गेले. आता रोलरपाशी उभं राहून बघितलं तर करड्या ॲप्रनांवर लाल, पिवळे, चौकड्यांचे खिसे दिसतात. त्यांत काय असतं माहीत आहे? रुमाल. गोळ्या. एकीच्या खिशात नातीचा दुधाचा दात आहे. ही तुमची चोरी.

आणि ते शेवटचं वाक्य. ‘या सगळ्यात आईचं नाव कुठेही येता कामा नये. माझ्या दृष्टीने ते फार वाईट दिसेल.’

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. हसू की रडू कळेना. ती कामावर येत नाही हे तरी तुला ठाऊक आहे का? काच फुटली त्या दिवसापासून तिने गेट बघितलेलं नाही. एकाच छताखाली काम करता तुम्ही दोघं. पण तिचा जिना वेगळा, तुझा वेगळा, तेव्हा कळायचं कसं!

तुझ्या चौकशीला मी येते. बोलावलंच आहेस तर मागच्या जिन्याने येते, घाबरू नकोस.

तोफेचं काम जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे भाऊ म्हणून नाही, साहेब म्हणून मागते. भाऊ म्हणून मागितलं तर तुला वाईट दिसेल.

शिवणखोलीतून,
ताई


दिनांक २१ नोव्हेंबर

तुला काय म्हणून हाक मारावी ते कळत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

चौकशी झाली. तू तिथे होतास, तरी लिहिते, कारण तू समोर बघत नव्हतास.

लांब टेबल, पलीकडे दोन वरचे आणि मधल्या खुर्चीत तू. मधली खुर्ची तुला का दिली ते तुझ्याखेरीज सगळ्यांना कळलं. शिक्षा खालच्याच्या तोंडून झाली की वरच्यांचे हात धुतलेले राहतात. तोफ उभी, मी तिच्या मागे उभी. बसा म्हणायला कुणाला सुचलं नाही, तुलाही नाही. तोफ म्हणाली, “बाईचा जीव चालला होता, तिचा दम्याचा पंप कपाटात होता, म्हणून फोडलं.” त्यावर तू विचारलंस, “ती बाई कोण?”

तोफेने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एवढी बोलकी बाई, पण चार शब्दांत उरकलं तिने. म्हणाली, “होती एक खालची बाई.”

तू विचारलंस, “नाव?”

तिने नकाराची मान हलवली. मीही हलवली. मग तू शेजारच्या साहेबांकडे वळून म्हणालास, “बघा. नावसुद्धा सांगता येत नाही. बनाव आहे सगळा.” त्यांनी तुझ्या खांद्यावर थोपटलं. तू हसलास. ते हसू मी कधी विसरणार नाही. तोफेचं काम गेलं. सोमवारपासून खिसे दिसले तर सगळ्यांचं जाईल, असं तू उभं राहून वाचून दाखवलंस. वाचताना तुझा हात कोटाच्या खिशात होता.

आता ऐक. माझी जीभ आईने बांधली होती, आता मी ती सोडवून घेतली आहे.

त्या दिवशी गरम खोलीत वाफ कोंडली होती. पंखा बंद, त्याची तक्रार तुझ्याकडे पडून. एक बाई रोलरपाशी वाकली ती वर आलीच नाही. तिचे ओठ निळे पडायला लागले. मी शिवणखोलीतून धावत आले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोफ गेटकडे पळाली. काकांनी तुला फोन लावला, तोच जो चौकशीत तुला आठवला नाही, आणि म्हणाले, “साहेब, खालच्या एका बाईला दम लागलाय. तिची पिशवी काढून देऊ का?” काका नाव सांगत नाहीत, कारण वर कुणी विचारत नाही. तूही विचारलं नाहीस. तू काय म्हणालास ते काकांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. सांगताना बिचारे रडत होते.

तू म्हणालास, “खालच्या बायकांचं रोजचंच आहे. सुट्टीपर्यंत कळ काढ म्हणावं.” आणि फोन ठेवलास.

ती आपली आई होती.

तिला दमा आहे हे तुला ठाऊक आहे. ती रोलरवर आहे हे तुला ठाऊक आहे. एक शब्द विचारायचा होता, कोण? तेवढासुद्धा तुझ्याच्याने झाला नाही. आई नसती, दुसरी कुणी असती, तर तुझं उत्तर बरोबर होतं असं म्हणायचंय का मला? नाही. तेच तर सांगतेय. बाई कुणीही असो, उत्तर तेच नीच होतं. पण तुझ्या टाळक्यात हे दुसऱ्या कुठल्या वाटेने शिरणार नाही, म्हणून आईच्या वाटेने घालतेय.

तोफेने स्टूल घातलं, काच तिच्या तळहातात रुतली, रक्ताच्या हाताने तिने पंप आणला. श्वास लागला तेव्हा आई पहिलं काय म्हणाली असेल? “राजाला सांगू नका.” राजा म्हणजे तू, अजूनही. कपाट का उघडलं नाही ते तिला आम्ही अजून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांकडून तिने ते काढून घेतलं. ऐकून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग आम्हा सगळ्यांना शपथ घातली. म्हणाली, “वरच्या लोकांत त्याची मान खाली जाईल. त्याला कळलं नसेल गं. कामाच्या गडबडीत असेल.” आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिच्याशी कडाकडा भांडले. तिने ऐकलं नाही.

तोफेने मात्र शपथ पाळली. एक शब्द बोलली असती, “साहेब, ती तुमची आई,” तर तिथल्या तिथे तुझा कोट उतरला असता आणि तिचं काम राहिलं असतं. नाही बोलली. तू तिला काढत होतास आणि ती तुझी अब्रू झाकत होती. आवाजाने तोफ, पण पोटात केवढं ठेवलं बघ! आता सांग, वर कोण आणि खाली कोण.

घरी येऊन आम्ही आईला काही सांगितलं नाही. पण काल दुपारी तोफ भेटायला आली, कामाच्या वेळेला. आईने विचारलं, “सुट्टी घेतलीस?” तोफेला खोटं बोलता येत नाही. आई ऐकत राहिली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. उठली, भिंतीला धरत ट्रंकेपाशी गेली आणि ती निळी पट्टी काढली. तुझ्या कोटाची. माझ्याकडे सुईदोरा मागितला. मी म्हटलं, “दे, मी मशीनवर लावून देते.” तर म्हणाली, “नको. हा मलाच लावू दे.”

खिसा वाकडातिकडा लागलाय. एका कोपऱ्याला टाके दाट, दुसऱ्याला विरळ. पण पक्का आहे, मी ओढून बघितला.

उद्या सोमवार. सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी ती येणार आहे. मागच्या जिन्याने नाही, पुढच्या. तुझ्या फोटोखालून. मी म्हटलं दम लागेल, तर म्हणाली, “लागू दे. पंप खिशात आहे.” काय बोलणार ते मला सांगत नाही. “मलाही कामावरून काढ म्हणते. फोडलं तिने, पण माझ्यासाठी फोडलं ना,” एवढंच पुटपुटत होती. गरम खोलीतल्या साऱ्याजणी खिशांसकट तिच्या मागे असतील. हे ठरवून आहे. चौकशीत लिहायला सोपं जाईल म्हणून आधीच कळवते.

आई म्हणाली होती, त्याला कळवू नकोस, अचानक बघू दे. मी कळवतेय, हे पत्र आज रात्रीच तुझ्या दाराखालून सरकवते. माया म्हणून नाही, उगाच समज करून घेऊ नकोस. मागच्या खेपेला तुला माहीत नव्हतं. या खेपेला ती पळवाट मी बुजवतेय. ती वर पोहोचायच्या आत तोफेला कामावर घेतल्याची चिठ्ठी खाली पाठवता येईल तुला. पाठवशील असं मला वाटत नाही. आईला वाटतं. तिला अजून वाटतं, हेच माझ्या जिवाला लागतं.

सकाळी गेटवरून फोन येईल. काकांना आम्ही काही शिकवलेलं नाही, ते नेहमीसारखंच बोलतील. म्हणतील, “साहेब, खालची एक बाई पुढच्या जिन्याने वर येतेय. सोडू का?”

बोल मग. आम्ही सगळ्या खाली उभ्या राहून ऐकतोय.

खालची दुसरी बाई